डोंगरावरचं वॉटर पार्क रिसॉर्ट: मुलांना घेऊन पहिल्यांदाच जाताना

सपाटीवरच्या वॉटर पार्कमध्ये दिवसभर हुंदडणारी मुलं डोंगरावर दोन तासांत गळून जातात. त्याचं कारण उंची. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते आणि उन्हातले अतिनील किरण मात्र साधारण १० टक्क्यांनी वाढतात. म्हणजे अंगाला गारवा जाणवतो आणि त्याच वेळी कातडी भाजत असते. भरीला पाणी शरीराची ऊब हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने खेचून घेतं. मोठ्या माणसाला हे निभावतं. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ जास्त असतं, त्यामुळे ते लवकर गारठतं आणि खेळाच्या नादात सांगतही नाही.

यावरचा उपाय रिसॉर्टमध्ये आयता असतो, तो म्हणजे तुमची खोली. एका दिवसाच्या तिकिटावर आलेली माणसं पैसे वसूल करायला संध्याकाळपर्यंत पाण्यात थांबतात. तुम्हाला तसं करायची गरज नाही. थोडा वेळ पाणी, मग खोलीत जेवण आणि झोप, जमलं तर पुन्हा पाणी. मुक्कामाचा खरा फायदा हाच आहे आणि बहुतेक नवखी कुटुंबं नेमका तोच वाया घालवतात.

आरक्षण करण्याआधी फोनवर काय विचारायचं

जाहिरातीतले फोटो बाजूला ठेवा आणि थेट फोन करा. पहिला प्रश्न: पाणी गरम केलेलं असतं का, आणि किती अंश? स्पर्धांच्या तलावात पाणी २५ ते २८ अंश ठेवतात, पण ते सतत हातपाय मारणाऱ्यांसाठी असतं. गुडघाभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला त्यात हुडहुडी भरते. त्याला ३० ते ३२ अंशांचं पाणी मानवतं. 'कोमट असतं हो' हे उत्तर पुरेसं समजू नका.

दुसरा प्रश्न: छताखालचा भाग आहे का? डोंगरात दुपारनंतर ढग दाटून येणं आणि गडगडाट होणं नेहमीचंच. गडगडाट ऐकू आला की बाहेरचं पाणी रिकामं करतात आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कोणी आत जायचं नसतं. एवढ्या वेळात मुलांना कुठे न्यायचं हे आधी माहीत असलेलं बरं.

तिसरा प्रश्न लोक हमखास विसरतात. लाइफगार्ड किती ते किती वाजेपर्यंत असतात? मुख्य पार्कमध्ये असतात, पण इमारतीजवळच्या छोट्या तलावावर अनेक ठिकाणी कोणीच नसतं. तिथे 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशी पाटी असते. पोहोचण्याच्या आणि निघण्याच्या दिवशी पार्कमध्ये प्रवेश मिळतो का, तेही विचारा. मिळत असेल तर एका रात्रीच्या मुक्कामातही पाण्याच्या तीन खेपा होतात. शिवाय त्या काळात कोणत्या स्लाइड दुरुस्तीसाठी बंद आहेत, खोली पार्कपासून किती लांब आहे, आणि जवळचं रुग्णालय गाडीने किती वेळाच्या अंतरावर आहे, हे विचारून कागदावर लिहून ठेवा.

रिसॉर्ट २५०० मीटरच्या वर असेल तर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, हे धरूनच चला. मुलाला जन्मतः हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, सिकलसेल असेल, नुकताच न्यूमोनिया होऊन गेला असेल किंवा बाळ अगदी काही आठवड्यांचं असेल, तर आरक्षणाआधी बालरोगतज्ज्ञांशी बोला. मुलाच्या कानात नळ्या बसवल्या असतील, तर पाण्यात जायचं की नाही हेही त्यांनाच विचारा.

घरी: फूटपट्टी आणि एक बोलणं

मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उंची मोजा. मोठ्या स्लाइडना उंचीची अट असते. बऱ्याच ठिकाणी ती १०७ किंवा १२२ सेंटिमीटर, म्हणजे ४२ किंवा ४८ इंच असते. अट वयाची नसते, त्यामुळे 'पण मी आठ वर्षांचा आहे' या वादाचा काही उपयोग होत नाही. रिसॉर्टची यादी बघून कोणत्या स्लाइड आपल्या आणि कोणत्या पुढच्या खेपेच्या, हे घरीच सांगून टाका. जिना चढून, रांगेत उभं राहून, अगदी वर पोहोचल्यावर 'नाही' ऐकणं मुलाला फार लागतं. त्यानंतरची रडारड सगळा मजला ऐकतो.

बॅग

पोहण्याचे कपडे प्रत्येकी दोन जोड घ्या. डोंगरावर, विशेषतः ढगाळ हवेत, कपडे रात्रीतून वाळत नाहीत आणि सकाळी ओला कपडा अंगात घालायला कोणतंही मूल तयार होत नाही. रंग भडक हवा: नारिंगी, पोपटी, चमकता पिवळा. निळा, आकाशी आणि पांढरा कपडा तलावाच्या निळ्या तळाशी असा मिसळतो की पाण्याखालचं मूल वरून दिसतच नाही. चेन, धातूची बटणं किंवा बंद असलेले कपडे टाळा. स्लाइडचा पृष्ठभाग खरवडतो म्हणून ते चालत नाहीत. लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घेतला तर ऊन आणि गारवा दोन्हींपासून बचाव होतो. एवढ्या एका गोष्टीवर थोडा जास्त खर्च झाला तरी चालेल.

लाइफ जॅकेट स्वतःचं न्या किंवा तिथलं घ्या, पण ते वजनानुसार बसणारं हवं आणि लहान मुलाच्या जॅकेटला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा हवा. घालून, पट्टे आवळून, खांद्याला धरून वर उचलून बघा. जॅकेट हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. दंडाला फुगवून लावायचे फुगे, कमरेची हवेची चकती, फुगवलेले प्राणी ही सगळी खेळणी. ती जीव वाचवायची साधनं नव्हेत. उलट त्यांच्यामुळे आपण निर्धास्त होतो, हा धोका वेगळाच.

सनस्क्रीन ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं, पाण्यात टिकणारं घ्या. उन्हात जाण्याच्या १५ ते ३० मिनिटं आधी लावायचं, दर दोन तासांनी पुन्हा, आणि टॉवेलने अंग पुसल्यावर प्रत्येक वेळी पुन्हा. कानांच्या पाळ्या, पायांची वरची बाजू आणि केसांचा भांग हमखास राहून जातात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावलीत ठेवणंच योग्य. ढग आले म्हणून विसरू नका, पातळ ढगांतून बहुतेक अतिनील किरण खाली येतात.

बाकीचं पटकन सांगतो. टोपीचा टॉवेल किंवा झगा, न घसरणाऱ्या रबरी चपला, एक उबदार जॅकेट आणि कानटोपी (संध्याकाळी लागतेच), थर्मामीटर, ताप आणि उलटीची नेहमीची औषधं, दम्याचा पंप असेल तर दोन, पाण्याच्या बाटल्या, ओल्या कपड्यांसाठी जाड पिशव्या. लंगोटातल्या बाळासाठी पोहण्याचे वेगळे डायपर घ्या. मात्र त्यांनी घाण थोडीफार अडते, जंतू अडत नाहीत. म्हणून तासातासाने ते बघायचे आणि बदलायचे ते चेंजिंग रूममध्ये, तलावाच्या काठावर नाही.

आणि एक गोष्ट न्यायची नाही ती म्हणजे जुलाब. मुलाला जुलाब होत असतील तर पाणी बंद. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही सात दिवसांहून जास्त जगतो. तपासणीत तो सापडला असेल, तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे तलावात उतरायचं नसतं. सहल पुढे ढकला. दुसऱ्यांची मुलंही त्याच पाण्यात असतात.

घाट चढताना

गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना सर्वांत जास्त होतो. मोबाइल आणि पुस्तक बाजूला, नजर खिडकीबाहेर लांबवर, पोटात हलकं काहीतरी, खिडकी थोडी उघडी. रिकाम्या पोटी घाट चढवू नका, भरगच्च जेवणानंतर तर अजिबात नाही. चढताना कानाला दडे बसतात. मोठ्या मुलांना आवंढा गिळायला किंवा जांभई द्यायला सांगा, बाळाला दूध पाजा. पण दूध पाजायला गाडी थांबवा. धावत्या गाडीत बाळाला त्याच्या सीटवरून काढून मांडीवर घ्यायचं नाही. खाऊची हवाबंद पाकिटं वर जाता जाता फुगतात, बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो म्हणून. मुलांना ती दाखवा, घाट अर्धा सरतो.

पहिल्या दिवशी

पोहोचल्या पोहोचल्या पाण्यात उडी मारायची नाही. मुलं ऐकणार नाहीत, म्हणून त्यांना कामाला लावा. पार्कभर कोरड्या कपड्यांत फेरी मारा: लाइफगार्ड कुठे बसतात, त्यांचे कपडे कसे असतात, शौचालय कुठे, खोल पाणी कुठून सुरू होतं. हरवलं तर कुठे थांबायचं ती जागा मुलाकडूनच ठरवून घ्या. ठळक दिसणारी आणि पाण्यापासून लांब असलेली जागा हवी. मग हवं तर तासभर उथळ पाण्यात.

उंचीवर पहिल्या रात्री झोप तुटक लागते. जास्त उंचीवर डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं अशा तक्रारी येतात. लहान मुलाला 'डोकं दुखतंय' असं सांगता येत नाही. ते नुसतं किरकिर करतं, खात नाही, खेळत नाही, उलटी करतं. असं दिसलं तर आणखी वर न्यायचं नाही, विश्रांती द्यायची. आणि त्रास वाढत गेला तर रात्र असली तरी खाली उतरायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. 'सकाळी बघू' ही सवड इथे घ्यायची नाही.

पाण्याची वेळ

बाहेरच्या स्लाइड सकाळी, पार्क उघडल्या उघडल्या. तेव्हा रांगा लहान असतात आणि ढगही जमलेले नसतात. दुपारचं टळटळीत ऊन आणि त्यानंतरची गडगडाटाची वेळ खोलीत, जेवण आणि झोपेसाठी. संध्याकाळी छताखालचं गरम पाणी. हा क्रम मोडायला फार मोठं कारण हवं.

एका वेळी किती? पाच वर्षांखालच्या मुलाला अर्ध्या तासाने बाहेर काढा, मोठ्यांना पाऊण तासाने. हे माझे ठोकताळे आहेत, नियम नव्हेत. खरा निर्णय मुलाच्या अंगाकडे बघून घ्यायचा. ओठ निळसर, दातांवर दात वाजणं, बोलण्यात जडपणा, विनाकारण रडणं, यातलं एकही दिसलं की लगेच बाहेर. ओले कपडे पूर्ण काढा, अंग कोरडं करा, गुंडाळा, कोमट काहीतरी प्यायला द्या. ओल्या कपड्यांवरच टॉवेल गुंडाळून मूल वाऱ्यात बसवणं म्हणजे गारठवण्याचा हमखास मार्ग. थरथर आपोआप थांबली पण मूल पेंगुळलेलं किंवा गोंधळलेलं वाटतंय, तर ते सुधारणं नाही, बिघडणं आहे. अशा वेळी लगेच वैद्यकीय मदत मागा.

गारठलेल्या मुलाला ऊब यावी म्हणून गरम पाण्याच्या टबमध्ये बसवायचा मोह होतो. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी तो टब नाही. त्यातलं पाणी ४० अंशांपर्यंत असतं आणि लहान शरीर त्यात फार लवकर तापतं. मोठ्या मुलांनाही थोडाच वेळ, आणि डोकं पाण्याबाहेर.

बाहेर काढलं की पाणी पाजा. पाण्यात खेळणाऱ्या मुलाला तहान कळत नाही, आणि उंचावरच्या कोरड्या हवेत श्वासागणिक शरीरातलं पाणी जात असतं. त्याच फेरीत शौचालय. तलावात लघवी केली की तिचा क्लोरीनशी संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, आणि डोळे चुरचुरतात ते त्यांनीच. छताखाली तो उग्र 'क्लोरीनचा वास' आला तर पाणी फार स्वच्छ आहे असं लोक समजतात; खरं तर उलट असतं. चांगल्या राखलेल्या तलावाला वास जवळजवळ नसतो. दम्याचं मूल असेल तर अशा कोंदट हॉलमध्ये जास्त वेळ थांबू नका. पाण्यात उतरण्याआधी मिनिटभर शॉवर घ्या आणि घ्यायला लावा. शंका असेल तर तपासणीच्या कागदी पट्ट्या मिळतात: मुक्त क्लोरीन निदान १ पीपीएम आणि पीएच ७ ते ७.८ असला तर ठीक.

डोळ्यांत तेल घालून, म्हणजे नेमकं काय

जगभरात बुडून मृत्यू होण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आहे ते १ ते ४ वर्षांच्या मुलांत. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. तोंड पाण्याच्या पातळीशी खालीवर होत असतं, श्वास घेण्यातच सगळी शक्ती जाते, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात. लांबून बघणाऱ्याला ते खेळतंय असंच वाटतं. पाण्याखाली जायला २० ते ६० सेकंद पुरतात. तेवढ्यात मोबाइलवरचा एक संदेशही वाचून होत नाही.

पाच मोठी माणसं काठावर असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून पाळी लावा. एका वेळी एकच माणूस पहाऱ्यावर, १५-२० मिनिटं, मोबाइल दुसऱ्याकडे, गप्पा बंद. पाळी बदलताना 'आता तू बघ' असं तोंडाने म्हणायचं आणि समोरच्याने 'हो' म्हणायचं. हे थोडं नाटकी वाटतं. वाटू द्या. ज्याने मद्य घेतलंय त्याला पाळी नाही.

पोहता न येणाऱ्या मुलाबरोबर मोठं माणूस पाण्यातच हवं, हाताच्या अंतरावर. काठावरून लक्ष ठेवणं हे पोहता येणाऱ्यांसाठी. लाइफगार्ड शेकडो लोकांकडे बघत असतो. तो तुमच्या नजरेच्या जोडीला आहे, बदल्यात नाही.

रोज सकाळी पाण्यात जाण्याआधी मुलाचा त्याच दिवसाच्या कपड्यांतला फोटो काढा आणि दंडावर न पुसणाऱ्या पेनाने तुमचा फोन नंबर लिहा. मूल दिसेनासं झालं तर आधी पाणी बघा. खोली, खाण्याचे स्टॉल आणि शौचालय नंतर, आणि पहिल्या क्षणीच लाइफगार्डला सांगा. कृत्रिम श्वास देण्याचं आणि छाती दाबण्याचं (सीपीआर) प्रशिक्षण घरातल्या निदान एकाने घेतलेलं असावं. बुडालेल्या माणसाला आधी श्वास द्यावा लागतो, आणि ते वाचून जमत नाही, हाताने शिकावं लागतं.

पाण्यात गटांगळी खाल्लेलं मूल नंतर सतत खोकत असेल, धापा टाकत असेल, फेस येत असेल किंवा अवेळी पेंगत असेल, तर लगेच रुग्णालय गाठा.

स्लाइड, लाटा आणि वाहतं पाणी

स्लाइडवर सांगितल्याप्रमाणे बसायचं किंवा झोपायचं. ट्यूबशिवाय नुसत्या अंगाने घसरायच्या स्लाइडवर साधारणपणे पाठीवर, हात छातीवर, पाय पुढे. खाली पोहोचलं की ताबडतोब बाजूला व्हायचं, वरून पुढचा येत असतो. लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरू नका. मोठ्याच्या वजनाने वेग वाढतो, मुलाचा पाय कडेला अडकतो आणि सगळा जोर त्या पायावर येतो. पायाचं हाड मोडतं ते असंच. साध्या बागेतल्या घसरगुंडीलाही हे लागू आहे. लांब केस बांधून ठेवा, तलावाच्या तळाशी पाणी ओढून घेणाऱ्या जाळीजवळ खेळू देऊ नका.

वेव्ह पूलमध्ये लाटा सुरू होण्याआधी भोंगा वाजतो. भोंगा वाजला की लहान मुलांना उथळ काठाला आणा आणि जॅकेट घातलेलंच राहू द्या. गर्दी असेल तर त्या फेरीला उतरूच नका. दाटीत खाली गेलेलं डोकं कोणालाच दिसत नाही. लेझी रिव्हर म्हणजे ट्यूबवर बसून तरंगत जायचा कालवा. नाव मवाळ असलं तरी पाणी वाहतं असतं आणि ट्यूब उलटते. मूल आणि तुम्ही एकाच ट्यूबवर किंवा हात धरून.

खोलीत

शिरल्यावर आधी बाल्कनी बघा. खुर्ची-टेबल कठड्यापासून लांब सरकवा, कठड्याच्या गजांत १० सेंटिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर दार कुलूपबंद ठेवा किंवा खोली बदलून मागा. खोलीचं दार तलावाकडे उघडत असेल तर वरची कडी रात्री नक्की लावा. पहाटे उठून मुलं एकटीच पाण्याकडे जातात. आंघोळीच्या नळाचं पाणी मुलाच्या अंगावर घेण्याआधी कोपराने तपासा.

थंडी आहे म्हणून शेगडी पेटवून किंवा गॅसचा हीटर लावून दारं-खिडक्या बंद करायच्या नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि सगळ्यांचंच डोकं दुखू लागलं तर ती उंची नसून हा वायू असू शकतो. ताबडतोब बाहेर पडा. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरलाही हेच.

बाळाचं पाणी उकळणार असाल तर उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, २००० मीटरवर सुमारे ९३ अंशांना, हे ध्यानात ठेवा. खाली एक मिनिट खळखळ उकळणं पुरतं, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळा.

निघताना आणि नंतर

शेवटच्या दिवशी सकाळी एकच छोटी खेप, मग कोरडे कपडे आणि जेवण. ओल्या डोक्याने घाट उतरवू नका. उतरताना दडे जास्त बसतात, आणि सर्दी झालेल्या मुलाला तर कान ठणकतो, म्हणून आवंढा गिळायला लावण्याचा उपाय पुन्हा करा, शक्यतो मूल जागं असताना.

कान रोज पोहून झाल्यावर कोरडे करायचे: डोकं एका बाजूला कलवून पाणी निथळू द्या, टॉवेलच्या टोकाने बाहेरून पुसा, आत कापसाची काडी घालू नका. घरी आल्यावर दोन-चार दिवसांत कान खाजला, दुखला आणि बाहेरची पाळी हलकेच ओढल्यावर दुखणं वाढलं, तर तो पोहणाऱ्यांना होणारा बाहेरच्या कानाचा संसर्ग असण्याची शक्यता मोठी. तेल किंवा घरात पडलेले जुने थेंब घालू नका, डॉक्टरांना दाखवा आणि पाण्यात गेलो होतो हे सांगा.